सहाची बेल

घरूनच काम असलं, तरी सहाला मी रीतसर ऑफिसातून घरी येते. लॅपटॉप मिटायचा, पर्स घ्यायची, बिल्डिंगला एक फेरी मारून आपल्याच दाराची बेल वाजवायची. आमचे हे दार उघडून विचारतात, "आलात मॅडम? ट्रॅफिक लागलं का?" मग चहा. तेवढ्यासाठी तर सगळा खटाटोप.

आज काम संपेचना. वैतागून लॅपटॉप तसाच उघडा टाकून निघाले.

बेल वाजवली. यांनी दार उघडलं, माझ्या आरपार जिन्याकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाले, "कोणी नाही गं. आज फेरी नाही वाटतं? चहा गार होतोय."

आत कीबोर्डची टकटक चालूच होती. त्यातूनच माझा आवाज आला, "पाच मिनिटं हो, आलेच."

यांनी माझ्या तोंडावर दार हळूच लावून घेतलं.