सून बोलती झाली

कॉकेशसमधल्या अबखाझ घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. त्यानं मेजवानी घालून मोकळीक दिली, तरच बोलते. एस्माच्या सासऱ्यानं, मुश्नीनं, ती द्यायला एकोणीस वर्षं लावली. युद्धात जखमी झालेला मुलगा घरी येऊन वारला, तेव्हाही ताठा मोडला नाही. आज बोकड कापून भरल्या पंगतीत त्यानं सुनेपुढे वाइनचा पेला धरला. “बोल, पोरी. शेवटी काय म्हणाला माझा लेक?” “भाव खाऊ नकोस गं, एस्मा!” शेजारीण हसली. एस्माला काहीतरी गोड रचून सांगता आलं असतं. “म्हणाले, ‘बाबांना आत बोलव.’ तुम्ही अंगणात होता. हाक मारायची सोय नव्हती, म्हणून हातानं खुणावलं. तुम्हाला वाटलं, पाणी हवंय. बादली घेऊन झऱ्यावर गेलात.” म्हाताऱ्यानं पेला मागे घेतला. “गप्प बस.” “आता कशी बसू, बाबा? त्यांनी किती हाका मारल्या, ते अजून सांगायचंय.”