उंचीच्या खाचा

"बाबा, पाळणा!" धाकटा सुताराचा हात सोडून गर्दीत घुसला. त्याच्यामागे बहीण. या नव्या वसाहतीत आल्यापासून पोरं आज पहिल्यांदा हसत होती. हिवाळी मेळ्याच्या दारात भलामोठा फलक होता: नव्या रहिवाशांचे हार्दिक स्वागत. नळाला पाणी नव्हतं, लिफ्ट बंद होती. स्वागत मात्र दणक्यात होतं.

बायको मागे रेंगाळत होती. "ज्यांनी घरावर बुलडोझर घातला, त्यांच्याच पाळण्यात पोरं बसवायची?"

"पोरांनी काय पाप केलंय? आणि साहेबही इथंच भेटेल."

साहेब गोदामाचा. पाडलेल्या वस्तीतलं सगळं लाकूड त्याच्या ताब्यात. सुतारानं त्याच्या दारात हेलपाटे घालून चपला झिजवल्या होत्या. कपाट नको, पत्रे नकोत, फक्त दाराची चौकट हवी. स्वतःच्या हातानं केलेली. पोरांच्या दर वाढदिवसाला तो तिच्यावर पटाशीनं उंचीची खाच मारायचा.

साहेब मैदानाच्या मधोमध सापडला. गळ्यात मफलर, हातात माईक.

"या मिस्त्री! लोखंडी दरवाजा फुकट दिलाय ना? मग त्या सडक्या लाकडात काय जीव अडकलाय तुमचा?" माईक चालूच होता. "उंचीच मोजायचीय ना? भिंतीवर मोजा, पेन्सिलीनं!"

लोक खो खो हसले.

"भिंतीवर दोघांचीच होईल, साहेब," सुतार म्हणाला.

साहेबाला ऐकायला वेळ नव्हता. "उद्या या, काढून देतो. आता जरा थंडी पळवू या!" त्यानं खूण केली. लाकडांच्या ढिगावर कुणीतरी रॉकेल ओतलं, काडी टाकली. ढीग भडकला. टाळ्या पडल्या.

त्या उजेडात सुताराला एक सांधा दिसला. स्वतःच्या हातचा सांधा कोण विसरतो? मग उभ्या लाकडावरच्या खाचा दिसल्या. तीन रांगा. दोन वर चढत गेलेल्या. तिसरी कमरेशीच थांबलेली.

तो आगीकडे झेपावला. चौघांनी त्याला मागे ओढलं. "अहो, येडे झालात काय? लाकडासाठी जीव देता?"

साहेब माईकवर हसला. "हळू मिस्त्री, ऊब सगळ्यांना पुरेल!"

पाळण्यावरून पोरं धावत आली आणि हात पुढे करून मजेत शेकू लागली. बायको पुढे झाली. तिनं पोरांचे हात धरून खाली केले.

"शेकू नका," ती म्हणाली. "नीट बघून घ्या. तुमची थोरली ताई चाललीय."