चौदा नावं आणि एक रेघ

"वाच," कोच ब्रॅनिगन म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे बोट केलं.

फळ्यावर हॅलर्न विद्यापीठाचा पुढच्या हंगामाचा बास्केटबॉल संघ लिहिला होता. चौदा नावं आणि पंधराव्या जागी नुसती रेघ. ट्रेंट होलिसने वरून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीवर थांबला. पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून त्याचं नाव होतं. चौथ्या वर्षाच्या खेळाडूच्याही वर.

"पहिल्याच वर्षी?" त्याचे वडील डेल म्हणाले. खाणीतून सुट्टी काढून ते चार तास ट्रक चालवत आले होते.

"पहिल्याच वर्षी. चेंडू याच्याच हातात राहील. कागद जूनमध्ये करू, तोवर माझा शब्द." कोच हसला. मग सहज म्हणाला, "तुझा तो उंच मित्र, एझ्रा, कुठे जायचं म्हणतोय?"

"अजून ठरवलं नाही त्याने."

"तू म्हणशील तिथे जाईल, असं ऐकलंय."

"माझ्याशिवाय त्याला बुटाची नाडीही बांधता येत नाही, कोच," ट्रेंट म्हणाला. तिघंही हसले.

परतीच्या वाटेवर डेलनी ट्रक मोठ्या रस्त्याला लावला.

"बाबा, त्यांना मी नकोय," ट्रेंट म्हणाला. "ती रेघ एझ्रासाठी आहे."

"कळलं मला. मग?"

"मग काय? मासा हवा तर गळही सांभाळावा लागतो. एकदा आत गेलो की खेळून दाखवीन."

डेलनी मान डोलावली. इव्हान्सव्हिलजवळच्या एका लहान कॉलेजने ट्रेंटला आधीच पत्र पाठवलं होतं. चार वर्षांची शिष्यवृत्ती, सही तेवढी बाकी. घरी पोचल्यावर ट्रेंटने तिथल्या कोचला फोन करून नाही सांगितलं. ते गृहस्थ चांगले होते. "ठीक आहे बेटा, जागा दुसऱ्याला देतो," एवढंच म्हणाले.

एझ्रा टूल टायरच्या दुकानामागे मावशीबरोबर राहायचा. उंची सात फुटांना दोन बोटं कमी. तीन मोठी विद्यापीठं त्याच्या मागे होती. सहावीपासून तो आणि ट्रेंट एकत्र खेळत होते. ट्रेंट पास द्यायचा, एझ्रा चेंडू जाळीत टाकायचा, आणि गाव वेडं व्हायचं.

एप्रिलभर ट्रेंट त्याच्या मागे लागला.

"अरे खांबा, दुसरीकडे गेलास तर लोक तुझ्यावर कपडे वाळत घालतील," तो शाळेच्या जिममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. "मी पास देतो म्हणून दिसतोस तरी!"

पोरं खिदळली. एझ्राही हसला. तो नेहमीच हसायचा.

कपडे बदलताना त्याने विचारलं, "तू नक्की हॅलर्नलाच जाणार?"

"नक्की."

"आणि ते लहान कॉलेज?"

"त्यांना नाही म्हटलं. तुझ्यासाठी, लंबू. आपण एकत्र खेळायचं म्हणून."

"म्हणजे आता दुसरं काहीच नाही तुझ्याकडे?"

"काहीच नाही. आता तरी हो म्हण."

एझ्राने बॅगेची चेन हळूच लावली. "बरं," तो म्हणाला. "कोचला घरी बोलाव."

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी कोच ब्रॅनिगन आला. ट्रेंट मावशीबरोबर बाहेर ओसरीवर बसला. मावशीने त्याला पर्सिमन या फळाचं गोड पुडिंग दिलं. आत कोच आणि एझ्रा दोघंच अर्धा तास बोलत होते. एझ्रा बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"ठरलं," तो म्हणाला.

ट्रेंटने त्याला मिठी मारली. ट्रेंटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायलाही तो विसरला. कोचने त्याच्याकडे पाहिलं आणि गाडीच्या किल्ल्या शोधू लागला.

गावच्या वर्तमानपत्राने दोघांचा फोटो छापला. हॅलर्न यंदा देशातल्या पहिल्या चार संघांत येणार, होलिसच्या पासांवर एझ्रा टूल संघाला तारून नेणार, असं खाली लिहिलं होतं. डेलनी तो फोटो खाणीतल्या कामगारांच्या खोलीत चिकटवला.

जूनमध्ये डेलनी ट्रकमध्ये दोन पेट्या आणि नवी गादी चढवली. एझ्रा त्याच दिवशी दुसऱ्या गाडीने मागून येणार होता. हॅलर्नला पोचल्यावर दोघं आधी कोचच्या खोलीत गेले.

फळ्यावर पंधरा नावं होती. पंधरावं एझ्राचं. ट्रेंटचं कुठेच नव्हतं.

"दुसऱ्या विद्यापीठातून एक गार्ड आलाय," कोच म्हणाला. "तीन वर्षं खेळलेला. तुझ्यासाठी जागा उरली नाही, बेटा. वाईट वाटतंय मला."

"शब्द दिला होतात तुम्ही," डेल म्हणाले.

"दिला होता."

ट्रेंट मात्र घाबरला नाही. हे असं होईल हे त्याने धरलंच होतं, आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. तो खुर्ची ओढून कोचसमोर बसला.

"कोच, एक विसरताय तुम्ही. मी नाही तर एझ्रा नाही. त्याला आत्ता कळलं ना, तर अर्ध्या वाटेवरून गाडी वळवेल. मग तुमची ती पहिल्या चारांतली जागा कुठे जाते, ते बघा."

कोच त्याच्याकडे बघत राहिला. "तो तुझ्याशी काहीच बोललेला नाही?"

"बोलायचं काय त्यात? लावा फोन. तुम्हीच लावा, म्हणजे मी त्याला पढवलं असं कुणी म्हणायला नको."

कोचने डेलकडे पाहिलं. डेलनी मान डोलावली. कोचने नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. ट्रेंट पुढे वाकला. पण त्याने तोंड उघडायच्या आत पलीकडून एझ्राचा आवाज आला.

"कोच, पोचतोच आहे मी. ट्रेंटला परत पाठवलंत ना? तो तिथे असेपर्यंत मी गाडीतून उतरणार नाही. माझ्या घरी, सहीच्या आधीच ठरलंय आपलं."