नेमकी आच

छातीतल्या गाठीची तपासणी करायला जमनाबाई म्हसावदहून सुरतेला आली ती एकाच भरवशावर. तपासणीआधी शिरेत सोडायचं किरणांचं औषध तिची लेक संध्या त्याच दवाखान्यात बनवायची. शिशाच्या भिंतीआड इवलीशी भट्टी असते म्हणे, तिची आच अंशभरही ढळू द्यायची नाही. पुरणाला कधी चटका बसू न दिलेल्या लेकीला ते काय जड?

सुई टोचून नर्सने तिला मंद उजेडाच्या खोलीत निजवलं. "हलू नका, बोलू नका." उपास आणि मौन जमनाबाईला नवे नव्हते. डोळे मिटले तशी खाट तोरणमाळच्या धुक्यातून तरंगत निघाली. अंगभर कुणी दिवा घेऊन हळूहळू फिरत होतं, आणि तो दिवा संध्याच्याच हातात होता.

जाग आली तर संध्या दारातच उभी.

"आठे ये ना बेटा. तुन्हा हातनं औषध, जरा भी झोंबनं नही."

"माय, ते तं मन्हासंगे काम करस त्या रिनानी बनाडं. माले आते त्या भट्टीपाशी जाऊ देतस नही."

जमनाबाईने लेकीकडे हात पुढे केला. नोकरी गेली की काय पोरीची! "काय चुकनं तुन्हं?"

"काहीच नही." संध्या उंबऱ्याबाहेरच लाजत हसली. "पोटमाना जीवले किरणं चालतस नही, माय."

किरणं तर आता आपल्याच अंगात! लेकीकडे पुढे केलेला हात जमनाबाईने झटकन पांघरुणात ओढून घेतला.

"मंग तठे काय उभी ऱ्हायनी? सरक मांगे! आखो मांगे!"