डागी फळं

आयोडिनच्या अकराव्याच थेंबाला पेल्यातला पिठाचं पाणी घातलेला रस निळा पडला. तपासनीस बाईंनी ड्रॉपर खाली ठेवला.

"वीस थेंबांपर्यंत तरी टिकायला हवा होता. क जीवनसत्त्व जितकं जास्त, तितका रंग उशिरा बदलतो. आजारी मुलांना द्यायची फळं आहेत ही. असली नाही चालणार."

मळेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुलांच्या दवाखान्याने पाठ फिरवली, तर एवढी स्ट्रॉबेरी घेणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि फळं तरी कशी! टपोरी, चकचकीत, औषधालाही डाग नाही. उन्हाचा चटका बसू नये म्हणून त्याने सगळ्या वाफ्यांवर दुहेरी जाळी ताणली होती.

"जाळीच नडली तुम्हाला," बाई म्हणाल्या. "सावलीत फळ नुसतं फुगतं. उघड्यावरची आहेत का काही?"

"आहेत. पण दाखवण्यासारखी नाहीत."

कडेची एक ओळ जाळीबाहेर राहून गेली होती. तिची बारकी, करपलेली फळं त्याच्या आईने घरी खायला टोपलीत काढली होती. ती टोपली पुढे करताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचं सगळं लहानपण असल्याच फळांवर गेलं होतं. चांगली गिऱ्हाइकाला, डागी घरच्या पोराला, असा आईचा न्याय. त्याची अढी त्याच्या मनात अजून होती. मळ्यात डागी फळ धरूच नये, म्हणजे आपल्या लेकीच्या वाट्याला ते येणार नाही, या हट्टापायीच तर त्याने जाळी दुहेरी घेतली होती.

नव्या पेल्यात थेंब पडू लागले. अकरा. पंधरा. वीस झाले तरी रस गुलाबीच. मळेवाल्याने टेबलाची कड घट्ट धरली. सव्विसाव्याला कुठे निळसर झाक आली.

"जाळी उतरवा," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा तपासते. अशी भरली, तर सगळी घेऊ. डागांचं आम्हाला काही नाही."

मळेवाला मटकन खोक्यावर बसला. समोर आई टेबल पुसत होती. आईवर आपण इतकी वर्षं उगाच राग धरला, असं त्याला वाटलं.

"आई, तुला ठाऊक होतं? म्हणून मला हीच द्यायचीस?"

आईचा हात थांबला.

"नाही रे," ती म्हणाली. "ठाऊक असतं, तर हीच विकली असती."