फवारे

खडी क्रशरच्या सुवर्णमहोत्सवासाठी पाचशे रोपं आणि फोटोग्राफर आले होते. तेवढ्यात हिराबाई मालकीणबाईंसमोर येऊन उभी राहिली. तिचा नवरा तीस वर्षं तिथेच खडी फोडत होता.

“दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय म्हनं त्यांच्या. चार पावलं चालवत न्हाई.”

मालकीणबाईंनी मुलाकडे पाहिलं. “श्रीरंग, धुळीवर पाणी मारायचे फवारे बसवलेत ना?”

“बसवलेत की. तपासणी असली की लावतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “रोज लावले तर काम मंदावतं, आई.”

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तडक जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. क्रशर घरघरत थांबला.

“आई, पाहुणे निघालेत!”

“येऊ देत. फवारे रोज चालणार असतील तरच हा चालेल. आणि हिच्या नवऱ्याचं औषधपाणी आपण करायचं. माणसं मारून धंदा करायला तुझ्या वडिलांनी शिकवलं नव्हतं!”

“मालकांच्या येळी तर फवारंच नव्हतं, बाई,” हिराबाई म्हणाली.

मालकीणबाईंचा सगळा राग आता स्वतःवरच उलटला होता. श्रीरंग स्विचकडे सरकला, तेव्हा मात्र त्यांनी त्याचा हात झटकून टाकला.