ती काय म्हणते?

"हसू नको म्हणावं तिला," फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला. "हसली की तोंड वाकडं होतं."

पॅडलवरचे धाकटीचे हात थांबले. चाकांच्या खुर्चीतून न उठता हातांनी फिरवता यावं म्हणून ते यंत्र ताईने मुद्दाम बुटकं करून घेतलं होतं. त्याची उंची ठरवताना ती महिनाभर धाकटीच्याच कोपराला टेप लावत होती. खुर्ची चढवायचा उतार, कठडे, खाली आणलेली बास्केटची कडी, पडलं तरी लागू नये म्हणून अंथरलेलं रबर, ताईने आखलेल्या सगळ्या मैदानाला माप या एका बहिणीचं. उद्या ते लोकांसाठी उघडणार होतं. सकाळपासून धाकटी पॅडल फिरवत होती आणि तिला आनंद आवरत नव्हता. मग हसू कसं आवरणार?

पालिकेच्या मॅडमनी ताईला बाजूला घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नका. पण पोस्टर गावभर लागणार आहे. बघणाऱ्याला उमेद वाटली पाहिजे हो, दया नाही. पुढची सहा मैदानं तुमच्याकडेच द्यायचं माझ्या मनात आहे. पण वरच्यांपुढे मी हेच चित्र ठेवणार."

"मग काय करू म्हणता?"

"आमच्या स्वागतकक्षातली मुलगी आलीये ना, ती बसेल. पाच मिनिटांचं तर काम. फक्त खुर्ची लागेल."

मॅडम मनाने वाईट नव्हत्या. त्या स्वतः धाकटीपाशी गेल्या, गुडघे टेकून बसल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाल्या, "बाळा, तुझी खुर्ची देशील ना आम्हाला? थोडाच वेळ हं."

बाळ चौतिशीला आलं होतं. कान तिखट होते, डोकं त्याहून तिखट. फक्त जीभ वळत नसे, सगळं बोलणं तोंडातच घोळायचं. आई गेल्यापासून ते कळणारी एकटी ताईच उरली होती.

धाकटीने ताईकडे पाहिलं. सगळं अंग गोळा करून तिने तीन शब्द बाहेर काढले. ताईला ते लख्ख ऐकू आले. नको. ताई, नको.

"काय म्हणते?" मॅडमनी विचारलं.

"घ्या म्हणते," ताई म्हणाली.

"किती गोड!"

धाकटीची नजर ताईच्या चेहऱ्यावरून हलली नाही. ताईने तिच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दगडी कट्ट्यावर नेऊन ठेवलं. कट्ट्याला पाठ नव्हती. एका अंगाला आपली पर्स, दुसऱ्या अंगाला कॅमेऱ्याची बॅग, असा टेकू दिला.

"आलेच गं," ताई म्हणाली, आणि तिच्याकडे न बघता वळली.

स्वागतकक्षातली मुलगी खुर्चीत बसली. नाकीडोळी नीटस, दात मोत्यासारखे. "पाय कसे ठेवू?" तिने विचारलं.

"जरा आत वळव," फोटोग्राफर म्हणाला. "अजून थोडे. बास. आता खरं वाटतंय."

एक फोटो पॅडलवर झाला, एक कडीखाली, एक उतारावर. पाच मिनिटं केव्हाच सरली. मॅडम प्रत्येक फोटो कॅमेऱ्यात बघून मान डोलवत होत्या, आणि ताईच मुलीची कोपरं धरून नीट लावून देत होती.

मागे धप्पकन मऊसा आवाज झाला.

ताईने वळून पाहिलं. पर्स घसरली होती आणि पर्सच्या मागोमाग धाकटी. ती रबरावर पालथी पडली होती, एक हात अंगाखाली अडकलेला. लागलं नसणार, रबर चांगलं होतं. ती ओरडायला लागली. बाकीच्यांना ते नुसतं ओरडणं होतं. ताईला शब्द कळत होते. ताई, मान. माझी मान वळव.

ताईचं एक पाऊल तिकडे पडलं.

"कुणी हलू नका!" फोटोग्राफर ओरडला. "ढग येतोय. एकच राहिलाय, हाच पोस्टरचा."

खुर्चीतली मुलगी बावरून मागे बघायला लागली. "अहो, त्यांना काही होतंय का?"

"नाही गं," ताई म्हणाली. पाऊल तिने मागे घेतलं. "आनंद झाला की ती अशीच ओरडते. तू इकडे बघ. हं, हस आता."

मुलगी हसली. फार सुरेख हसली.

कॅमेरा वाजला तशी ताई धावली. धाकटीला तिने उताणं केलं, छातीशी धरलं, ओढणीने तोंड पुसलं. गालावर रबराची खडी उमटली होती, ओठांना काळे कण चिकटले होते. धाकटी रडत नव्हती. खुर्ची आली. ती अजून दुसऱ्याच्या अंगाने उबदार होती.

"रागावलीस होय?" पट्टा बांधता बांधता ताई पुटपुटली. "सहा मैदानं मिळतायत गं. तुझ्यासारख्या कितीजणी खेळतील तिथं, सांग बरं?"



मॅडम लगबगीने आल्या. फोटो मनासारखा झाला होता, चेहरा खुलला होता. "आता फोटोखाली एक ओळ हवी. ती मात्र हिच्याच तोंडची. लोकांना खरं काय ते बरोबर कळतं. विचारा ना तिला, कसं वाटलं मैदान?"

ताई वाकली. सवयीने तिने कान धाकटीच्या तोंडाशी नेला.

धाकटीने ओठ मिटले. जन्मात कधी पुरते न मिटलेले ते ओठ थरथरले, सुटले, पुन्हा एकमेकांवर आले. मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला, पण ते तिने घट्ट मिटून धरले.

मॅडम पेन उघडून उभ्या होत्या. "काय म्हणते?"

ताई बराच वेळ तशीच वाकून ऐकत राहिली. मग सरळ झाली.

"लिहून घ्या," ती म्हणाली.